कुर्नाकरांचे साहस

रायडर हॅगर्ड यांच्या ‘शी’मधील आयेशा दोन हजार वर्षे एकाच पुरुषाची वाट पाहत राहते, तो इजिप्तमधील इसिस देवतेचा पुरोहित. १८८७ साली ग्रंथरूपाने आलेली ही कादंबरी मी महाविद्यालयात असताना एका रात्रीत वाचली, आणि तिचे गारुड आजही पुरते उतरलेले नाही. पुढे १८९२ मधील कॉनन डॉयल यांच्या कथेत ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याच्या खोलीतली ममी उठून माणसांवर चालून जाताना पाहिली. या वाङ्मयात मृत इजिप्त प्रेम करतो, सूड घेतो. जिवंत इजिप्शियन क्वचितच दिसतो, आणि दिसलाच तर बहुधा हमाल नाहीतर चोर म्हणून.

खरी विलक्षण कथा त्या ‘चोरां’चीच आहे. नाईलच्या पश्चिम तीरावरील कुर्ना गावच्या अब्द अल्-रसूल बंधूंना १८७१ च्या सुमारास देर अल्-बहरीच्या डोंगरात एक खोल विवर सापडले. आत सेती पहिला, रामसेस दुसरा असे सम्राट निजलेले होते. थडगी लुटली जातात म्हणून इसवी सनापूर्वी दहाव्या शतकाच्या सुमारास पुरोहितांनी ही कलेवरे एकत्र आणून दडवली होती. कोणाला कोठून हलवले याच्या नोंदीही शवपेट्यांवर करून ठेवल्या होत्या. (हॅगर्डलाही सुचू नये असे हे कथाबीज!) दहा वर्षे हे कुटुंब वस्तू थोड्याथोड्याने विकत राहिले. अहमदला छळ सोसावा लागला, तरी तो बोलला नाही. अखेर १८८१ मध्ये महंमदने जागा दाखवली. एमिल ब्रुग्श आणि अहमद कमाल यांनी सुमारे तीनशे मजुरांकरवी अवघ्या दोन दिवसांत चाळीसहून अधिक ममी बाहेर काढल्या. घाई गावकऱ्यांच्या धास्तीने झाली. कोणती पेटी कोठे होती याचा आराखडाच राहिला नाही. विद्येची ही हानी कायमची.

आगबोट कैरोकडे निघाली तेव्हा लक्झरपासून कुफ्तपर्यंत दोन्ही तीरांवर स्त्रिया केस मोकळे सोडून आक्रोश करीत धावत होत्या. पुरुष अंत्ययात्रेत झाडतात तशा बंदुका झाडत होते. हे मास्पेरो यांनी नोंदवले आहे. मिळकत बुडाली म्हणून ते रडले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु कुफ्तपर्यंतच्या साऱ्या गावांचे पोट काही त्या विवरावर चालत नव्हते.

या घटनेवर शादी अब्देल सलाम यांनी १९६९ मध्ये ‘अल्-मुमिया’ हा चित्रपट केला. त्यातली माणसे बोलीत नव्हे, अभिजात अरबीत बोलतात. डोंगरातले दरिद्री कुटुंबही राजदरबाराच्या गांभीर्याने बोलते. वनीस हा तरुण घराण्याचे गुपित फोडतो. कथानायकाला साजेसे बक्षीस वा प्रेयसी दिग्दर्शक त्याला देत नाही. पेट्या घेऊन बोट निघून जाते आणि तो किनाऱ्यावर एकटा उरतो.