पट्टी कुणाच्या गळ्याची

मोठ्या मंडळीत लोक गाणं ऐकायला जातात आणि लहान मंडळीत गायला, हे माझं वाक्य उमरग्यात आणि आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांत लोकांनी इतक्यांदा ऐकलंय की आता ते माझ्याच नावावर जमा आहे. तेव्हा मागे घ्यायचं तर तेही चारचौघांतच घ्यायला हवं. सगळं मागे घेत नाही, पण बरंचसं घेतो.

मी आमच्या मंडळीत पेटी वाजवतो. पंचवीस-तीस घरांची मंडळी, पत्र्याचं छप्पर, सतरंज्या, एक ढोलकी, दोन झांजा. बसवकल्याणकडचे पाहुणे आले की एखादं कन्नड गीतही होतं. आम्हाला आमच्या या गाण्याचा अभिमान आहे आणि तो पोकळ नाही. फादर स्टीफन्सनं १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते ओव्यांमध्ये, दहा हजारांहून जास्त ओव्या. पुढं एकोणिसाव्या शतकात नगरकडच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, देशी चालींवर पदं बांधली. १८९५ साली ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि अभंग हातचा सोडला नाही. आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड सांगत. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की साहेबांच्या चालींवर बसवलेली भाषांतरं एकीकडे आणि ही देशी गीतं दुसरीकडे, असा सरळ फरक कानाला कळतो. भाषांतरात दीर्घ अक्षर ऱ्हस्व जागेवर कोंबावं लागतं, ऱ्हस्व अक्षर उगाच ताणावं लागतं. अभंगाला ती अडचण नाही. एकानं चरण म्हणायचा, बाकीच्यांनी ध्रुपद धरायचं. पुस्तक नसलं तरी चालतं, वाचता येत नसलं तरी चालतं. स्टेज तर लागतच नाही.

म्हणून पुण्या-मुंबईच्या मोठ्या मंडळ्यांना मी ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणायचो. ड्रमसेट, गिटार, अंधार केलेला हॉल, पडद्यावर शब्द, पुढं पाच-सहा तरुण माईक धरून आणि समोर हजारभर माणूस नुसता उभा. सोलापूर-पुण्याला लग्नकार्यानिमित्त गेलो की एखाद्या रविवारी डोकावायचो आणि मत पक्कं करून परत यायचो.

नातू झाला तेव्हा बायको आणि मी मुलाकडे पिंपरी-चिंचवडला काही महिने राहिलो. तिथली मोठी मंडळी जवळ होती, नाइलाजानं जाऊ लागलो. आमच्याकडे पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला बसतात. तिथं सगळे मिसळून उभे राहतात, त्यामुळं लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच उपासनेत बायको माझ्या शेजारी होती. आणि ती गात होती. गुणगुणत नव्हती, मोकळ्या गळ्यानं गात होती. गीतही तिला पाठ नव्हतं, पडद्यावर बघून म्हणत होती. मी मात्र गप्प. माझा आवाज त्या पट्टीत ना वर पोचत होता, ना खाली बसत होता.

घरी आल्यावर विचारलं, आपल्याकडे तू अशी का गात नाहीस? ती म्हणाली, “तुमची पट्टी तुमच्या गळ्याची. आम्ही बायकांनी काय आडातून बोलायचं का?”

हे मला कळायला हवं होतं, कारण ते पेटीवाल्याचंच काम आहे. मी गीत धरतो ते काळी एक नाहीतर काळी दोनमध्ये. पुरुषाच्या गळ्याला ती बरी. बाईचा गळा साधारण काळी चार-पाचच्या आसपास मोकळा होतो. माझ्या पट्टीत बायकांना एकतर खर्जात घोगरं म्हणावं लागतं नाहीतर वरच्या सप्तकात किंचाळावं लागतं. आमच्या मंडळीत बायकाच जास्त. शेतमजुरी, दुकानं, ड्रायव्हरकी यांतून पुरुष रविवारी येतीलच असं नाही. म्हणजे जास्त माणसांना गाता येणार नाही अशी पट्टी धरून मी वर्षानुवर्षं सांगत होतो, बघा, आमच्याकडे सगळे गातात. सगळे म्हणजे माझ्या बाजूला बसलेले. आणि पिंपरीला पुढं गाणारी मुलगी होती, बँडनं तिचा स्केल धरला होता. साहजिकच पुरुष मुके. मोठ्या मंडळीत कुणी गात नाही, हे मी आजवर पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून ठरवत आलो होतो.

संगीतापुरतंच असतं तर पट्टी बदलून विषय मिटवला असता, असं मनोगत लिहायला बसलो नसतो. पण एक पान उलटलं की दुसरं दिसतं.

लहान मंडळीची सहभागिता, एकमेकांची विचारपूस, आजाऱ्याच्या घरी प्रार्थना, हे सगळं खरं आहे आणि मी त्याची साक्ष कितीदा दिली आहे. पण या भागातल्या पुष्कळ लहान मंडळ्या म्हणजे एकेक भावकी आहे, हे आपण उपासनेत बोलत नाही. आजोबा-पणजोबांनी वाड्यातल्या वाड्यात एकत्र बाप्तिस्मा घेतला, पुढं पंच त्यांच्यातले, खजिनदार त्यांच्यातला, पेटी माझ्या चुलत्याकडून माझ्याकडे. बाहेरचं माणूस आलं तर आम्ही त्याला पुढं बसवतो, चहा देतो, पुढच्या रविवारी पुन्हा चहा देतो. दोन वर्षांनीही तो पाहुणाच असतो. पूर्वाश्रमीची जात वेगळी असेल तर सोयरीक सोडाच, गीत सांगण्याची पाळीही त्याच्याकडे जात नाही. आणि भावकीत बांधावरून भांडण झालं की एक घर सहा महिने उपासनेला येत नाही. आम्ही त्याला आत्मिक थंडपणा म्हणतो.

पिंपरीला माझ्या शेजारी कोण बसलंय हे मला ठाऊक नव्हतं आणि मी कोण हे त्याला. माझ्या दृष्टीनं हाच मोठ्या मंडळीचा दोष होता. आता वाटतं, काहींना तोच आसरा आहे. अनुसूचित जातींबाबतचा १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश आधी मुख्यतः हिंदूंसाठी होता; १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळं सवलत टिकावी म्हणून कागदावर एक आणि रविवारी दुसरं, अशी माणसं असतात. तालुक्याच्या गावात प्रार्थनेला कोण शिरलं हे कोपऱ्यावरचा टपरीवालाही सांगतो. शहरातल्या हजार माणसांत कुणी आडनाव विचारत नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई, दारूतून सुटू पाहणारा पोरगा, यांना आमच्या सतरंजीवर बसायचं तर आधी सगळ्या गावाच्या नजरेखालून यावं लागतं. तिथं ते मागं उभे राहून रडू शकतात आणि कुणाचा हात खांद्यावर पडत नाही. कधीकधी हात न पडणंच बरं असतं.

शिवाय मोठी मंडळी म्हणजे नुसती गर्दी, हेही खरं नाही. कोरियात सेऊलची योइदो मंडळी १९५८ साली सुरू झाली आणि जगातल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांत गणली गेली, ती घरसभांच्या जोरावर. त्या घरसभा चालवायला तिचे पाळक डेव्हिड योंगी चो यांनी १९६०च्या दशकात बायकांना पुढं केलं, आणि त्या काळच्या कोरियात हे सोपं नव्हतं. पिंपरीच्या मंडळीतही बुधवारी सोसायटीत घरसभा असायची. सात-आठ घरं, त्यात एकही सोयरा नाही. माझ्या सुनेच्या बाळंतपणात डबे तिथून आले.

आता जे मागे घेत नाही ते सांगतो. अंधार करून आराधना मला आजही पटत नाही. शेजाऱ्याचं तोंड दिसल्याशिवाय ध्रुपद धरता येत नाही. ढोल-ताशासारखा कानठळ्या बसवणारा ड्रम मला नकोच. दर सहा महिन्यांनी गीतं बदलत राहिली तर म्हातारपणी कुणाला काय पाठ असणार, हा प्रश्न मी तिथल्या पोरांना विचारला, त्यांना उत्तर देता आलं नाही. आणि मयत झाली की रात्रभर त्या घरी पेटी घेऊन बसणं, सकाळी खड्डा खणायला आपलीच माणसं असणं, याला मोठ्या मंडळीजवळ तोड नाही. इथं भावकी कामाला येते. मी तिला नावं ठेवली खरी, पण खांदा तीच देते.

उमरग्याला परत आल्यावर पहिल्या रविवारी मी गीत पांढरी चारमध्ये धरलं. पुरुषांचा गोंधळ उडाला, एक काका मोठ्यानं म्हणाले, “पेटी बिघडली का रे?” बायका आधी बिचकल्या, तिसऱ्या कडव्याला सावरल्या. मग ठरलं, की एक गीत माझ्या पट्टीत आणि एक त्यांच्या, आणि त्यांच्यातलं कुणीतरी सांगणार. सांगायला पहिल्यांदा उठली ती बाहेरून आलेल्या एका घरातली सून. गळा चांगला आहे, लय थोडी पळते. त्यावरून पंचांत कुरबुर झाली, पण पाळकसाहेबांनी तो विषय वाढू दिला नाही.

तरुण संघाला कीबोर्ड हवा होता. पूर्वी मी त्याला आडवा आलो असतो. यावेळी पेटी काढायची नाही एवढ्या अटीवर मी हात वर केला आणि वर्गणीही भरली. कीबोर्ड सोलापूरहून आला. तो वाजवायचा कुणी, माझ्या पुतण्यानं की त्या सुनेच्या दिरानं, यावर आतापर्यंत दोन बैठका झाल्या आहेत आणि निर्णय व्हायचा आहे.