फ्रीगंजचा मुक्काम आणि दीड मिनिटाचा खेळ

उज्जैनला जाणारा आपल्याकडचा माणूस स्टेशनातून बाहेर पडला की महाकालाच्या वाटेला लागतो. मी मात्र रुळांच्या दुसऱ्या अंगाला, फ्रीगंजकडे वळतो. देवदर्शन चुकवत नाही, पण ते काम आटोपल्यावर. मी फोटोग्राफर आहे. लग्नाचा नव्हे, खेळांचा. तोही नोकरीतला नव्हे, मोकळा. ज्या दिवशी फोटो विकला जाईल, त्या दिवशी पगार. बेळगावहून पुणे आणि तिथून इंदूरच्या गाडीने रतलाममार्गे उज्जैन, हा प्रवास मी आजवर तीनदा केला आहे.

फ्रीगंज म्हणजे उज्जैनचे नवे गाव. कागदोपत्री नाव माधवनगर, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांवरून. व्यापाऱ्यांनी इथे येऊन दुकाने थाटावीत म्हणून शिंदे सरकारने कर माफ केला, म्हणून हा ‘फ्री’ गंज, असे इथले दुकानदार सांगतात. जुन्या शहरातल्या गल्ल्या वाकड्यातिकड्या, इथले रस्ते सरळ. मधोमध घड्याळाचा टॉवर. सकाळी वरून शेव पेरलेले पोहे आणि जिलेबी, संध्याकाळी टॉवर चौकात खाण्याच्या गाड्या. २०२२ साली ‘महाकाल लोक’ झाल्यापासून मंदिराजवळच्या लॉजचे दर माझ्यासारख्याच्या खिशाबाहेर गेले. फ्रीगंजच्या आतल्या गल्लीत मात्र अजून बेताच्या भाड्यात खोली मिळते. शिवाय रात्री प्रिंट काढून देणारी लॅब हाकेच्या अंतरावर. माझ्या धंद्याला एवढे पुरे.

आता उज्जैनच का, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर मल्लखांब. मध्य प्रदेश सरकारने २०१३ साली या खेळाला राज्यक्रीडेचा मान दिला. इथलेच प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने उभा केलेला हा खेळ मराठी माणसांबरोबर माळव्यात रुजला. अढी, तेढी, दसरंग, सुईदोरा ही नावे तिथल्या हिंदी बोलणाऱ्या पोरांच्या तोंडी ऐकली की परमुलखात घरचे कुणी भेटल्यासारखे वाटते.

आपल्या सीमाभागाचाही यात वाटा आहे बरं का. मल्लखांबाचा जुन्यात जुना उल्लेख ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात असल्याचे सांगतात. तो लिहिला कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने, आणि ते कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. कन्नडमध्ये ‘कंब’ म्हणजे खांबच. आपण मल्लखांब म्हणतो, पलीकडच्या गल्लीत मल्लकंब म्हणतात. खांब एकच, एरंडेल तेलही तेच.

मी या धंद्यात आलो तेव्हा क्रिकेटचेच स्वप्न घेऊन आलो होतो. पण मोठ्या सामन्याच्या सीमारेषेशी बसायला मंडळाचे ओळखपत्र लागते, आणि ते मोठ्या वृत्तपत्रांना व संस्थांना मिळते. २०१२ साली इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा क्रिकेट मंडळाने गेटीसारख्या जगप्रसिद्ध छायाचित्र संस्थेलाही प्रवेश नाकारला होता, आणि त्याच्या निषेधार्थ रॉयटर्स, एपी, एएफपी या वृत्तसंस्थांनी वार्तांकन थांबवले होते. जिथे हत्ती अडले, तिथे माझ्यासारख्या मुंगीने काय करावे? मुंगीने साखर शोधावी. ती मला छोट्या खेळांत सापडली. कबड्डी, खो-खो, कुस्ती, मल्लखांब.

छोट्या खेळाचा हिशोब वेगळा. वर्तमानपत्राला फक्त पदक घेतानाचा फोटो हवा असतो, आणि तोही बऱ्याचदा फुकट. एका दैनिकाने माझा फोटो चार कॉलमांत छापला. खाली नाव नाही, आणि पैसे विचारले तर ‘प्रसिद्धी मिळाली की’ असे उत्तर आले. पालकाचे तसे नाही. त्याला आपल्या मुलाचा फोटो हवा असतो, मग पदक असो वा नसो.

खेलो इंडिया युवा स्पर्धा २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मध्य प्रदेशात झाल्या. त्यातला मल्लखांब उज्जैनला होता. मी पहिल्यांदा फ्रीगंजला उतरलो तो तेव्हाच. ओळखपत्र नव्हते, म्हणून प्रेक्षकांत बसून फोटो काढले. दिवसा फोटो, रात्री लॅब, सकाळी पालकांच्या मुक्कामावर फेरी. प्रवास, खोली, जेवण आणि प्रिंट मिळून नऊ हजारांच्या घरात खर्च झाला; विक्री झाली साडेतेरा हजारांची. हातात राहिले साडेचार. त्यातून कॅमेऱ्याची झीजही भरून काढायची. श्रीमंत होण्याचा हा मार्ग नव्हे, हे उघड आहे.

कामही सोपे नाही. एका खेळाडूचा संच जेमतेम दीड मिनिटाचा. फ्लॅश मारायचा नाही. हात सुटला तर पोर खाली येईल. सभागृहातले जुने दिवे दर सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होत असतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. उडी पकडायला सेकंदाचा हजारावा भाग लावला, तर एक फोटो पिवळा आणि दुसरा हिरवा येतो. म्हणून मी खेळ आधी सरावात पाहतो. कोणत्या पकडीत मूल क्षणभर स्थिर होते ते टिपून ठेवतो. त्या क्षणी शटर थोडे सावकाश चालते आणि चेहराही दिसतो. मल्लखांबात शरीर सगळेच पाहतात. आईबापांना मात्र चेहरा हवा असतो.

त्याच मुक्कामात टॉवर चौकात चहा घेत असताना एक गृहस्थ जवळ आले. माझ्या फोनवरचे कन्नड बोलणे त्यांनी ऐकले असावे. गदगकडचे होते. ‘अण्णा, फोटो एष्टु?’ असे त्यांनी विचारले. त्यांची मुलगी दोरीच्या मल्लखांबावर उतरली होती आणि मधेच सुटून खाली आली होती. लागले नव्हते, पण गुण गेले होते. त्यांना मी तिचे सगळे फोटो दाखवले. त्यांनी निवडला तो पडण्याच्या जरा आधीचा. दोरीच्या टोकाशी हात पसरलेली, मान ताठ, डोळे समोर. म्हणाले, ‘गावात सगळे विचारतील ती पडली का. मी हा दाखवीन. इथपर्यंत गेली होती म्हणून.’ पैसे त्यांनी मोजून दिले, आणि ‘ऊटा आयता?’ असेही विचारले. परगावी जेवणाची चौकशी करणारे माणूस भेटणे ही मोठी गोष्ट.

त्या दिवसापासून माझ्या मनातला किमतीचा प्रश्न मिटला. पदकाचा फोटो पहिल्या तिघांचा असतो. उरलेली मुले तेवढ्याच पहाटे उठतात, तेवढेच तळहात सोलून घेतात, आणि त्यांच्या हाती मिळालेल्या प्रमाणपत्रावर त्यांची अढी कशी लागली ते लिहिलेले नसते. ते फोटोत असते. त्या उरलेल्यांवरच माझे घर चालते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आपल्या घरातले कुणी या वाटेला येणार असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण स्वतःहून काढलेल्या फोटोचा पहिला मालक फोटोग्राफरच असतो. पण कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क त्या गिऱ्हाइकाचा. म्हणून काम घेतानाच बोलणे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. दुसरे असे, की मल्लखांबाची मुले तोकड्या कपड्यांत खेळतात. त्यांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत. दोन गिऱ्हाइके गेली तरी चालतील.

आणि आपण पालक असाल, तर पुढच्या स्पर्धेला मुलाचा फोटो मोबाइलवर जरूर काढा. पण कडेला कुणी बॅग लावून उकिडवा बसलेला दिसला, तर त्याच्याकडचेही एकदा पाहा. मूल खांबावर असताना तुमचा हात थरथरतो. त्याचा थरथरत नाही, एवढेच त्याचे भांडवल.