आतला राखाडी

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ आरटीओ आहे, त्यामुळे पासिंगआधीची डागडुजी तिथे रोजचीच. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेपलेला दरवाजा पेंटर पाणी मारत पॉलिश पेपरने घासतो. पिवळा उतरतो, त्याखालचे थर उतरतात, आणि पत्र्याला बिलगलेला राखाडी पापुद्रा दिसतो. कारखान्यात त्याला ईडी कोट म्हणतात.

गाडी लाल घ्यायची की पांढरी, यावर घराघरांत वाद होतात. या राखाडीची चौकशी कोणी करत नाही. मला मात्र गाडीतला सर्वांत कर्तबगार रंग हाच वाटतो.

वेल्डिंग होऊन आलेला उघडा सांगाडा आधी धुतात, ओशटपणा घालवतात, फॉस्फेटचा थर देतात. मग तो अख्खाच्या अख्खा टाकीत बुडतो. टाकीत बहुतेक पाणीच, त्यात रंगाचे कण. सांगाड्याला विजेचं ऋण टोक जोडून काहीशे व्होल्टच्या दाबाने वीज सोडली, की कण पत्र्याकडे धाव घेतात. इथे या राखाडीचा स्वभाव दिसतो. जिथे तो बसला, तिथे वीज अडते. म्हणून नंतरचे कण भरल्या जागी गर्दी न करता उघडा पत्रा शोधत आत शिरतात. दारांच्या दुमडी, तळाच्या पोकळ पट्ट्या, फवाऱ्याला कधीच न सापडणारे कोपरे. पुढे भट्टीत 170-180 अंशांवर तो पक्का होतो. जाडी जेमतेम 20 मायक्रॉन. वरचे सगळे थर धरूनही साधारण 100.

1960च्या दशकात अमेरिकेत फोर्डने विजेने रंग बसवण्याची रीत मोटारींसाठी वापरात आणली. मुंबईला तिची गरज जरा जास्तच. वडाळ्याची मिठागरं, पलीकडे शिवडीची खाडी, वर चार महिने पाऊस. पत्रा उघडा पडला की एका रात्रीत तांबूस डाग धरतो.

या राखाडीला ऊन मात्र सोसत नाही. उघड्यावर राहिला तर भुकटी होऊन झडतो. त्याला वरच्या रंगांची सावली लागतेच, आणि खालून त्यांना धरून ठेवतो तोच.

गॅरेजमध्ये प्रायमर मारता येतो, पण तिथे ना टाकी असते, ना भट्टी. पोकळीतला राखाडी एकदा गेला की गंज आतून फुगारा धरतो आणि वरची लांबी, म्हणजे पुट्टी, फोडून बाहेर येतो. म्हणून जाणता पेंटर घासताना राखाडी दिसला, की हात आवरतो.