अभ्यासिकेची मुले काठमांडूला

परदेश म्हटले की आपल्या घरात दोन गोष्टी आठवतात. एक, बाबासाहेबांचे न्यूयॉर्क आणि लंडन. दुसरी, आखातात कामाला गेलेला कुणीतरी चुलतभाऊ किंवा मेहुणा. आपल्या मुलांनी नुसते पाहायला, शिकायला परदेशी जावे ही गोष्ट बंगलेवाल्यांची, असे आपण धरून चालतो. परंतु एक परदेशी शहर असे आहे की जेथे रेल्वे आणि बसच्या भाड्यात जाता येते, आपल्याला व्हिसा लागत नाही, आणि जेथे बाबासाहेबांनी महापरिनिर्वाणाच्या अवघे सोळा दिवस आधी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावरचे आपले प्रसिद्ध भाषण केले. ते शहर म्हणजे नेपाळची राजधानी काठमांडू.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या वस्तीतील अभ्यासिकेच्या अकरा मुली आणि सात मुलांना घेऊन आम्ही तेथे आठवडाभर राहून आलो. सोबत वस्तीतील दोन भगिनी होत्या. मुलांचे आईवडील सफाई खात्यात, रिक्षावर, घरकामाला आणि कारखान्यात राबणारे. वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे पैसे साठवून खर्च माणशी दहा हजारांच्या आत बसवला. मात्र जाण्यापूर्वी अट एकच घातली होती. प्रत्येकाने एक विषय घ्यायचा, त्यावर वही लिहायची आणि परत आल्यावर वस्तीसमोर उभे राहून सांगायचे.

कुर्ल्याहून गोरखपूर, तेथून तीन तासांत सुनौलीची हद्द. कमान ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे. आपले शंभर रुपये तेथे एकशे साठ होतात, म्हणून मुले पहिल्या दिवशी स्वतःला श्रीमंत समजू लागली. चहाची किंमत ऐकून ती श्रीमंती उतरली. पुढे रात्रभर डोंगरातला वळणावळणाचा रस्ता. पहाटे थंडीत कुडकुडत आम्ही शहरात उतरलो.

पहिल्या दिवशी स्वयंभू स्तूपाच्या पायऱ्या चढलो. ३६५ पायऱ्या आहेत असे सांगतात. आमच्या पोरांनी मोजायला सुरुवात केली आणि माकडांच्या गडबडीत आकडा चुकला. पांढऱ्या घुमटावर चारही दिशांना रेखलेले डोळे आणि त्यांच्यामध्ये नाकाच्या जागी प्रश्नचिन्हासारखी खूण. ती खूण म्हणजे नेपाळी लिपीतला एकचा आकडा. दुसऱ्या दिवशी बौद्धनाथचा प्रचंड स्तूप पाहिला. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसे गेली आणि या स्तूपाच्या शिखरालाही तडे गेले. श्रद्धावंतांच्या दानातून शिखर पुन्हा उभे राहिले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये स्तूप खुला झाला.

मेणातून मूर्ती

काठमांडूला लागूनच ललितपूर आहे, जुने नाव पाटण. येथील शाक्य घराण्यांतील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या बुद्धमूर्ती घडवतात. एका कारागिराने आम्हाला सगळे काम दाखवले. आधी मेणाची मूर्ती करायची. तिच्यावर चिकणमाती, शेण आणि भुसा यांचे थर द्यायचे. वाळल्यावर भट्टीत तापवले की आतले मेण वितळून बाहेर येते आणि मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेले तांबे ओतायचे. थंड झाल्यावर साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यात एकच मूर्ती. मग कानस आणि छिन्नीने महिनोन्‌महिने कोरीव काम.

आमच्यातील एका मुलाचे वडील ओतकामाच्या कारखान्यात आहेत. त्याने मूर्तीची किंमत विचारली नाही. मुलामा कसा देतात, असे विचारले. सोने पाऱ्यात मिसळून मूर्तीवर लावतात आणि तापवून पारा उडवून देतात, हे ऐकताच तो म्हणाला, "मग ती वाफ कुणाच्या छातीत जाते?" कारागिराने मान हलवली. ती वाफ विषारी असते हे त्यालाही ठाऊक होते. देशीविदेशी लोक ज्या झळाळीसमोर हात जोडतात, तिच्यामागे एका कामगाराची फुप्फुसे आहेत. हे त्या मुलाच्या वहीत आले. मला ते पान फार मोलाचे वाटते.

बुद्धाच्या नगरीत जात

पाटणच्या गल्लीगल्लीत जुने विहार आहेत. त्यांना तेथे बहा किंवा बहाल म्हणतात. हिरण्यवर्ण महाविहार तर डोळे दिपवणारा. मुले हरखून गेली होती. परंतु सोबत आलेल्या एका स्थानिक नेवार विद्यार्थ्याने माहिती देताना सांगितले की, या जुन्या विहारांचे सदस्यत्व जन्माने मिळते. शाक्य आणि वज्राचार्य घराण्यांतील मुलगे लहानपणी चार दिवस चीवर घालतात, भिक्षू होतात आणि मग घरी परततात. तेवढ्याने ते आयुष्यभर विहाराचे सदस्य.

आमच्यातील नर्सिंगला शिकणाऱ्या मुलीने सरळ विचारले, "मी बौद्ध आहे. मला होता येईल का?" तो मुलगा संकोचला. "नाही. आमच्याच दुसऱ्या जातीतल्या नेवारालाही होता येत नाही," असे तो म्हणाला.

त्या रात्री धर्मशाळेच्या गच्चीवर कुणी लवकर झोपले नाही. एक मुलगा चिडून म्हणाला, "बौद्ध होऊनही जात राहणार असेल, तर आपल्या आजोबांनी नागपूरला जाऊन काय मिळवले?" प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. म्हणून वह्या उघडल्या आणि ज्याच्याकडे इतिहास होता त्याने वाचून दाखवले.

नेपाळवर राणा घराण्याची सत्ता असताना १८५४ मध्ये जंगबहादुर राणाने 'मुलुकी ऐन' नावाचा कायदा केला. त्याने साऱ्या देशाला जातींच्या उतरंडीत कायद्यानेच बसवले. कुणाच्या हातचे पाणी चालते, कुणाचे चालत नाही, कुणाला शिवल्यावर पाणी शिंपडून शुद्ध व्हायचे, हे सारे त्यात लिहिले होते. बौद्ध नेवारही या उतरंडीतून सुटले नाहीत. दलितांनी १९५४ मध्ये पशुपतिनाथ मंदिराच्या प्रवेशासाठी लढा दिला. आपल्याकडचा काळाराम त्याआधी चोवीस वर्षांचा. १९६३ च्या नव्या कायद्याने जातीची कायदेशीर उतरंड गेली आणि २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध वेगळा कायदाही आला. तरीही मे २०२० मध्ये रुकुम पश्चिम जिल्ह्यात वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम करणारा नवराज वि.क. हा दलित तरुण आणि त्याचे पाच मित्र जिवाला मुकले. खैरलांजी आणि खर्डा ज्यांनी ऐकले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

वाचन संपल्यावर एक मुलगी हळूच बोलली. "आपल्याकडे तरी काय आहे? माझ्या ताईच्या लग्नात पाहुण्यांनी आधी पोटजातच विचारली होती. पत्रिकेवर मात्र बुद्धाचा फोटो." यावर कुणाला उत्तर सुचले नाही.

गुलाबी चीवराच्या गुरुमा

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले. काठमांडूच्या जुन्या वस्तीत श्रीघः येथे धर्मकीर्ती विहार आहे. तो १९६५ मध्ये धम्मवती गुरुमांनी उभा केला. पाटणच्या शाक्य घराण्यात जन्मलेली ही मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असताना शिकण्यासाठी घरातून निघाली आणि कागदपत्रांविना ब्रह्मदेशात पोहोचली. मोलमीनला राहून तिने तेथील धम्माचरिय ही अवघड परीक्षा दिली आणि परत येऊन हा विहार काढला. येथे बायका नुसती फुले वाहायला येत नाहीत. त्या शिकतात, शिकवतात, पुस्तके काढतात. गुलाबी वस्त्रातील गुरुमांबरोबर आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. चाल थोडी वेगळी, पाली शब्द तेच. आमच्या सोबतच्या एका भगिनीला नेपाळी येत नव्हते, पण वंदना संपल्यावर त्या पदराने डोळे पुसत होत्या.

या नव्या धम्मचळवळीची किंमत नेपाळी भिक्षूंनी मोजलेली आहे. १९४४ मध्ये राणा सरकारने आठ भिक्षूंना देशाबाहेर काढले. धम्माचा प्रचार करणार नाही, स्त्रियांना दीक्षा देणार नाही, असे लिहून द्यायला त्यांनी नकार दिला होता. त्यांना परत येण्यासाठी १९४६ उजाडावे लागले. आणि या चळवळीच्या पहिल्या पिढीतील महाप्रज्ञा आणि अमृतानंद यांच्यासारख्या भिक्षूंना दीक्षा कुणी दिली? कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांनी! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा देणारे तेच हे चंद्रमणी. हे ऐकताच मुले एकमेकांकडे पाहू लागली. आदल्या रात्री परके वाटणारे शहर एकदम नात्यातले झाले.

दीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेच्या चौथ्या अधिवेशनासाठी बाबासाहेब माईसाहेबांसह काठमांडूला आले. प्रकृती ढासळली होती. तरी २० नोव्हेंबरला ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. दुःख आणि शोषण दोघांनीही ओळखले, पण बुद्धाचा मार्ग सक्तीचा नाही, माणसाचे मन बदलण्याचा आहे, हे त्यांनी जगातील बौद्धांसमोर मांडले. ६ डिसेंबरला ते गेले.

गच्चीवरच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतःच लिहिले. नाव बौद्ध असल्याने जात जात नाही. ती रोज मोडावी लागते. म्हणून तर नागपूरला नुसते शरण जाणे बाबासाहेबांना पुरेसे वाटले नाही, त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. पाटणच्या विहारात जे झाले ते आपल्या विहारात होऊ नये, ही जबाबदारी आता आपली आहे.

परत आल्यावर मुलांनी बुद्धविहारात वह्या वाचल्या. पोटजातीचे पान वाचले गेले तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहीजण मान खाली घालून बसले होते. नर्सिंगच्या मुलीचे वडील मात्र उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या घरी स्थळ आणाल तर हा प्रश्न विचारू नका." टाळ्या वाजल्या. त्या किती टिकतात ते येत्या लग्नसराईत कळेल.

ज्या वस्त्यांना अशी सहल काढायची आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पंधरा ते पासष्ट वयाच्या भारतीयांना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते; आधार कार्डावर विसंबू नका. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावे आधी मतदारयादीत घाला, ते तसेही आपले कर्तव्यच आहे. थंडीचे कपडे शेजारपाजाऱ्यांकडून मागून न्या, विकत घेऊ नका. येताना लुंबिनी वाटेवर आहे, एक दिवस ठेवा. मुलींना मागे ठेवू नका. आणि प्रत्येकाच्या हातात एक कोरी वही द्या.

जयभीम.