काठीला बंदी, फोटोला नाही

सेल्फी स्टिकला मराठीत काय म्हणावं यावर आमच्या घरात एकदा बरीच चर्चा झाली होती. कुणी 'स्वयंछायादंड' म्हणालं, कुणी 'फोटोकाठी'. शेवटी नुसतं 'काठी' हेच नाव टिकलं. आजचा विषय ही काठीच आहे.

३० जून २०१५ पासून डिस्नेने अमेरिकेतल्या आपल्या थीम पार्क्समध्ये, म्हणजे फ्लॉरिडातलं डिस्ने वर्ल्ड आणि कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड इथे, सेल्फी स्टिक आत न्यायला बंदी केली. दुसऱ्याच दिवशी पॅरिस आणि हाँगकाँगच्या पार्कातही तोच नियम लागू झाला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण नियम अजून आहे. आत काय आणू नये याच्या त्यांच्या यादीत काठीचं नाव आजही असतं. त्या वेळी वर्तमानपत्रात ही बातमी कोपऱ्यात, जराशी गमतीच्या सुरात आली होती. मला मात्र तो विषय गमतीचा वाटला नाही. आयुष्यभर शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला कुठलाही नियम दिसला की पहिला प्रश्न पडतो, हा नियम करण्याची वेळ का आली?

वेळ आली ती अशी. डिस्नेलँडच्या शेजारीच त्यांचं कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर नावाचं दुसरं पार्क आहे. तिथे कॅलिफोर्निया स्क्रीमिन नावाचा मोठा रोलर कोस्टर होता (२०१८ पासून त्याचं रूप आणि नाव बदलून इन्क्रेडिकोस्टर झालं). ताशी सुमारे ८८ किलोमीटर वेग, आणि वाटेत एक पूर्ण उलटी गिरकी! जून २०१५ मध्ये चालू पाळण्यात एका प्रवाशाने काठी बाहेर काढली आणि तो पाळणा सुमारे तासभर बंद ठेवावा लागला. आता विचार करा. मीटरभर लांबीची धातूची काठी, तिच्या टोकाला फोन, आणि तो वेग. हातातून निसटली तर ती मागच्याच्या तोंडावर येणार, नाहीतर रुळांवर पडणार. एकाच्या फोटोपायी किती जणांचा जीव टांगणीला!

आता कुणी म्हणेल, मग पाळण्यात बंदी करा, सगळ्या पार्कात कशाला? गंमत अशी की पाळण्यात बंदी आधीपासून होतीच. पाट्या होत्या, सूचना होत्या. पण काठी मिटली की पर्समध्ये मावते. प्रत्येक पाळण्यापाशी उभी असलेली मुलं पट्टे बांधतील, उंची मोजतील, की हजारोंच्या पिशव्या तपासतील? मुख्य दारावर मात्र पिशव्यांची तपासणी होतच असते. म्हणून नियम पाळण्यावरून उचलून दारावर नेला. मला ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. जिथे नियम राबवता येईल तिथेच तो लावावा.

आमच्या शाळेच्या सहली जायच्या. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हा मुलांना दुसरं काही सुचेना. (ते आता बंद झालं आहे.) पाळण्यात बसायच्या आधी चष्मे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या सगळं माझ्या पदरात. "बाई, माझा चष्मा डावीकडे ठेवा हं," असं बजावून पोरं पळायची. मी पाळण्यात कधी बसले नाही, पण एकेका फेरीला पंधरा-वीस चष्मे सांभाळले आहेत. रायगडावर गेलो की टकमक टोकापाशी वेगळाच घोर. तिथे मी मुलांना सांगत बसायची नाही की "जपून". मुलांनी कुठवर जायचं ती जागाच ठरलेली, आणि तिच्या पुढच्या बाजूला आमचे ड्रिलचे सर पाय रोवून उभे. "जपून" हा नियम नव्हेच, ती आपल्या मनाची समजूत!

पण थांबा. सरसकट बंदी म्हटलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं, हेही मला ठाऊक आहे. आणि या काठीच्या बाबतीत ओलं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या ह्यांना फोटोंचा नाद होता. लग्नानंतर पहिली मोठी खरेदी कुठली, तर आग्फा क्लिक थ्री कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यामुळे प्रत्येक फोटोपूर्वी पाच मिनिटं तयारी. ऊन पाठीमागे हवं, मुलांचे भांग नीट हवेत, माझा पदर सरळ हवा. त्या बारा-बारा फोटोंनी आमच्याकडे चार अल्बम भरले आहेत. महाबळेश्वर, गणपतीपुळे, मुलांच्या मुंजी, दारातला पहिला गुलाब. या चारही अल्बममध्ये ह्यांचे स्वतःचे फोटो मोजून नऊ. मी म्हणायची, "अहो, एकात तरी उभे राहा." त्यावर ठरलेलं उत्तर, "अगं, मी फोटोत गेलो तर काढणार कोण?"

जून २०१५ मध्ये आम्ही मुलाकडे कॅलिफोर्नियाला होतो. डिस्नेलँड १९५५ साली सुरू झालं, म्हणजे ते त्याचं हीरक महोत्सवी वर्ष. परीकथेतला तो राजवाडा नुसता चमचमत होता. नातवाने आजोबांच्या हातात काठी दिली, बटण कुठलं ते दाखवलं आणि म्हणाला, "आता तुम्हीच काढा, आणि तुम्हीच उभे राहा. फोनकडे नाही बघायचं, वरच्या ठिपक्याकडे!" हे त्या ठिपक्याकडे इतक्या गंभीरपणे पाहत होते, जणू पासपोर्टचा फोटो. मला हसू आवरेना. तो फोटो तसाच आला आहे. एक गंभीर, एक हसणारी, मागे राजवाडा. महिना संपायच्या आत बंदीची बातमी आली.

ह्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. आम्ही दोघंच असलेला, दुसऱ्या कुणी न काढलेला तो एकच फोटो. 'मी फोटोत गेलो तर काढणार कोण' या चाळीस वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर त्या काठीने दिलं, हे मी नाकारणार नाही. तेव्हा काठीवाले सगळे उथळ, आत्ममग्न, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. दोनच माणसं फिरायला गेली असतील, तर दोघांनी एका फोटोत यावंसं वाटणं यात उथळ काय आहे?

या काठीच्या जन्माची कथाही अशीच आहे. जपानच्या मिनोल्टा कंपनीत हिरोशी उएदा नावाचे इंजिनियर होते. त्यांना फोटोंचा फार छंद. बायकोबरोबर युरोपात फिरताना पॅरिसच्या लूव्र संग्रहालयापाशी त्यांनी एका मुलाला फोटो काढायला सांगितलं, तर तो कॅमेरा घेऊनच पळाला! मग त्यांनी कॅमेरा पुढे धरणारी लांब होणारी दांडी तयार केली आणि १९८३ साली तिचं पेटंट घेतलं. वस्तू काही चालली नाही. १९९५ मध्ये तर अशी काठी निरुपयोगी जपानी शोधांच्या एका पुस्तकात विनोद म्हणून छापली गेली. आणि २०१४ साली टाइम मासिकाने तीच त्या वर्षीच्या उत्कृष्ट शोधांमध्ये घेतली. दिवस कसे फिरतात पाहा!

म्हणजे काठी जन्मली ती अनोळखी माणसावरचा विश्वास उडाला म्हणून. आणि तिने केलंही तेच. "जरा आमचा एक फोटो काढता का?" असं विचारण्याची गरजच संपवली. पूर्वी या एका वाक्यातून किती ओळखी होत असत! कन्याकुमारीला आमचा फोटो काढणाऱ्या एका बंगाली जोडप्याची पत्रं आम्हाला पुढे सात-आठ वर्षं येत होती.

असो. तर मग बंदी बरोबर की चूक? माझं मत विचाराल तर बरोबर. का ते सांगते. राजवाड्यापुढे आमचा फोटो निघाला तेव्हा तिथे आणखी दहा-बारा काठ्या हवेत होत्या. गर्दी अशी की धक्का न लागता पाऊल टाकणं कठीण. एका बापाने दोन-तीन वर्षांची मुलगी खांद्यावर घेतली होती. शेजारच्या माणसाने फोटोची जागा बदलायला काठी फिरवली, ती त्या मुलीच्या कानापासून वीतभर अंतरावरून गेली. त्याला ते दिसलंच नाही, कारण तो फोनमधल्या स्वतःकडे पाहत होता. बापालाही दिसलं नाही, कारण मुलगी त्याच्या डोक्यावर होती. दिसलं ते मला. त्या एका क्षणाला माझ्या पोटात जो गोळा आला, त्यापुढे माझ्या फोटोचं पारडं हलकं आहे. आमचा फोटो दुसऱ्या कुणीही काढू शकला असता. त्या मुलीच्या डोळ्याला इजा झाली असती तर ती कुणाला भरून देता आली असती?

आणि डिस्नेने बंदी केली ती काठीला, फोटोला नाही. पार्कात ठिकठिकाणी त्यांचे फोटोग्राफर उभे असतात. ते फोटो विकतात हे खरं, आणि बंदीमागे हाच धंदा असणार अशी शंका मलाही आली होती. पण आपला फोन पुढे केला तर त्यावरही ते फोटो काढून देतात, पैसे न घेता. एक दार बंद करायचं तर दुसरं उघडं हवं, तर माणसं नियम पाळतात.

आपल्याकडे हे दुसरं दारच नसतं. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला खडकांवर सेल्फी काढताना मुली समुद्रात पडल्या. त्यांना वाचवायला एका माणसाने उडी घेतली. त्यात एक मुलगी गेली आणि तो वाचवणाराही गेला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातल्या धोक्याच्या जागा ठरवून तिथे सेल्फीला मनाई केली. नाशिकच्या २०१५ च्या कुंभमेळ्यातही चेंगराचेंगरीच्या भीतीने सेल्फीबंदीच्या जागा केल्या होत्या. गोव्यात २०१८ साली जीवरक्षक पुरवणाऱ्या संस्थेने किनाऱ्यावरच्या अशा २४ जागा काढल्या. हेतू सगळ्यांचा चांगला. पण समुद्राला दार नाही, खडकाला तिकीट नाही. पाटी लावून पोलीस गेला की पाटीशेजारीच फोटो!

मग काय करायचं? माझ्या अल्पमतीला सुचतं ते असं. ज्या जागेवरून दृश्य सुंदर दिसतं आणि पायाखाली धोका नाही, अशी जागा प्रत्येक किल्ल्यावर, प्रत्येक घाटात, प्रत्येक किनाऱ्यावर शोधून तिथे कठडा बांधावा. कठड्यासमोर छातीएवढ्या उंचीचा एक दगडी खांब असावा. त्यावर फोन ठेवता येईल, टायमर लावून दोघांनी निवांत उभं राहता येईल. 'इथे फोटो काढू नका' या पाटीवर 'फोटोची जागा तिकडे' असा बाण असावा. खर्च कितीसा येणार? मुलांना वर्गात पळू नका म्हणायचं, तर मधल्या सुट्टीत मैदान मोकळं द्यावं लागतं. हे आम्ही बी.एड.च्या पुस्तकात वाचलं नाही, चार महिन्यांत मुलांनीच शिकवलं.

आणि खांब बांधला जाईल तेव्हा जाईल. तोवर घरच्या मंडळींना, विशेषतः माझ्या भाचे-पुतण्यांना, एक काम सांगते. प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, जो सगळ्यांचे फोटो काढतो आणि स्वतः कुठेच नसतो. दिवाळीला, बारशाला, सहलीला त्याच्या हातातला फोन काढून घ्या आणि त्याला मधोमध उभं करा. तो म्हणेल, "मग काढणार कोण?" तेव्हा शेजारून जाणाऱ्या माणसाला हाक मारा. फोन घेऊन पळणारा एखादा निघेलही. पण बहुतेक माणसं दोन फोटो काढून देतात, आणि "एकदा बघून घ्या हं, नीट आलाय ना?" असंही विचारतात.