विटाळ कशाला म्हणायचं?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आमच्या वस्तीतल्या पोरांची आठवड्याची सुट्टी कशी जाते, हे कुणी विचारत नाही. सहा दिवस कंत्राटावर फौंड्रीत, सातव्या दिवशी पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या उसात. तोंडाला टॉवेल, पाय उघडे. हातमोजे घाला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काय न्हाई हुईत, दादा. सवय झालीया." काम संपलं की पंप ओढ्यात धुवायचा आणि घरी सांगायचं, औषध मारून आलो.

विषालाच औषध म्हणत असू, तर त्याची भीती वाटणार कशी?

एमआयडीसीच्या सांडपाण्यावर आम्ही निवेदनं देतो, पुढेही देऊ. कारखान्याला निदान पाइप असतो. 1974च्या पाणी कायद्याखाली त्याला मंडळाची संमती घ्यावी लागते. नमुना कुठून घ्यायचा हे ठरलेलं असतं. उसाच्या शेताला पाइप नसतो. मोठा पाऊस झाला की तणनाशक सरीतून ओढ्यात उतरतं. तिथून काही दूधगंगेत, काही पंचगंगेत, आणि शेवटी कृष्णेत. पंचगंगेत मासे मरून तरंगले की ओरड होते. पण पाण्यातलं शेवाळ आणि किडे गेले, त्यावर जगणारी माशांची पिल्लं गेली, तर बातमी होत नाही. ओढ्यातला खेकडा, चार मासे हे गरिबाच्या घरचं कालवण आहे. ते संपतं तेव्हा ताट कुणाचं रिकामं होतं, हे सांगायला नको.

उसात आणि मक्यात मारलं जाणारं अॅट्राझिन घ्या. टायरोन हेज या कृष्णवर्णीय अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने 2002 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅम अॅट्राझिन असलेल्या पाण्यात वाढलेल्या काही नर बेडकांमध्ये मादीची लक्षणं दिसली. उत्पादक कंपनीने निष्कर्ष नाकारले, वाद अजून चालू आहे. पण भूजलात उतरतं म्हणून युरोपीय संघाने 2004 मध्ये अॅट्राझिनची परवानगी काढून घेतली. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं, लिटरमागे 2 मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल. म्हणजे त्या बेडकांच्या पाण्याच्या वीसपट. 2020 मध्ये केंद्र सरकारने 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात अॅट्राझिन होतं, 2,4-डी होतं. 2023च्या अंतिम आदेशात मोजकीच नावं उरली. ही दोन्ही त्यात नव्हती.

यवतमाळमध्ये 2017 साली फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा मृत्यू मोजले गेले. रोज थोडं थोडं अंगात जाणारं विष कुठल्या रजिस्टरमध्ये लिहितात?

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी 108 घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं म्हणणाऱ्या व्यवस्थेला पाणी खरोखर कशाने बिघडतं हे कधी पाहायचंच नव्हतं. आजही पाहायचं नाही. विष फवारायचं काम ज्याला जमीन नाही त्याच्या पाठीवर, आणि ते पाणी प्यायची पाळीही प्रथम त्याच्यावरच. टाकी बसवून शुद्ध पाणी विकत घेणं बंगल्याला परवडतं, वस्तीला नाही.

म्हणून पाण्याचा हक्क म्हणजे फक्त पाणवठ्यावर जायचा हक्क नव्हे. त्या पाण्यात काय आहे हे जाणून घेण्याचाही तो हक्क आहे. कीटकनाशक नियम, 1971 सांगतात की फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यावेत, रिकामे डबे उघड्यावर टाकू नयेत, धुतलेल्या पाण्याने पाणवठे दूषित होऊ देऊ नयेत. नियम आहेत, पण बांधावर ते विचारणारं कुणी नाही.

विचारणारे आपण होऊ. ग्रामसभेत ठराव मांडू की गावच्या विहिरीची आणि ओढ्याची तपासणी उसात वापरल्या जाणाऱ्या तणनाशकांसाठीही करा, अहवाल फलकावर लावा. फवारणीची मजुरी ठरवताना हातमोजे, मास्क, बूट मालकाने द्यायचे, ही अट घाला. सुट्टीचा दिवस फवारणीत घालवावा लागू नये, इतकी पगारवाढ एमआयडीसीच्या कंत्राटदाराकडे मागा. या तीन मागण्या वेगळ्या नाहीत.

1920ची माणगाव परिषद याच पंचक्रोशीत, तेव्हाच्या कागल जहागिरीत भरली होती. त्या मातीतले आपण, पाण्याचा हिशेब मागायला कचरणार नाही.

जय भीम!