वर थांबलेली बकेट

५ सेंटिमीटर व्यासाच्या सिलेंडरमध्ये १४० बारचा दाब आला की त्याचा दांडा जवळपास पावणेतीन टनांच्या जोराने बाहेर सरकतो. आमच्या ट्रॅक्टरच्या जुन्या लोडरला असे दोन सिलेंडर आहेत. इंजिन बंद केल्यावर बकेट वर राहते ती फक्त आतल्या तेलाला बाहेर जायला वाट नसते म्हणून.

आमच्या तेलाला वाट सापडली होती. उचललेली बकेट १० मिनिटांत वीतभर खाली यायची. बाबांचं म्हणणं, "चालतंय की!" पण शेण ओढताना आई त्याच बकेटखाली वाकते. मी सुट्टी टाकून गावी गेलो.

मिस्त्री बघताक्षणी म्हणाले, "सील गेलंय." दोन्ही सिलेंडर खोलून पिस्टनची सीलं बदलली. लोडर दणक्यात उचलू लागला, सगळे खूश. पण उचलणं वेगळं आणि धरून ठेवणं वेगळं. बकेटमध्ये वाळूच्या ५० किलोच्या ४ गोण्या ठेवल्या, खाली कुणालाही फिरकू दिलं नाही, इंजिन बंद केलं आणि टेपने उंची मोजत राहिलो. बकेट अजूनही उतरत होती.

मग कागद घेऊन बसलो. नुसतं सील गेलं आणि दोन्ही पाइप घट्ट बंद असले, तर तेल पिस्टनच्या पलीकडे जाईल. पण तिकडची बरीच जागा दांड्यानेच अडवलेली असते, सगळं तेल मावणार कुठे? बकेट जराशी बसून थांबायला हवी. ती बसतच राहते म्हणजे तेल सिलेंडर सोडून जातंय. बाहेर एक थेंब नव्हता. उरला कंट्रोल व्हॉल्व्ह.

बकेट जमिनीवर टेकवली, लिव्हर हलवून दाब काढला आणि सिलेंडरच्या तळाकडच्या लाइनमध्ये हाय-प्रेशर बॉल व्हॉल्व्ह बसवला. पुन्हा उचलून तो बंद केला, तर तासभर बकेट जागची हलली नाही. उघडला, तशी उतरू लागली. चोर सापडला.

नवीन जोड गळतोय का बघायला मिस्त्री बोट फिरवणार होते. मी पुठ्ठा पुढे केला. सुईएवढ्या छिद्रातून अशा दाबाने सुटलेलं तेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण लगेच ऑपरेशन झालं नाही तर बोट जाऊ शकतं.

कंट्रोल व्हॉल्व्ह नवा टाकला. आता बकेट तासाला बोटभर उतरते. याहून फार कमी होणार नाही, कारण आतला स्पूल सरकायला काही मायक्रॉनची फट लागतेच आणि तिच्यातून तेल झिरपतंच. म्हणून वेल्डरकडून लोखंडी चॅनेल कापून आणलं. बाहेर आलेल्या दांड्यावर ते बसवलं की सिलेंडर मिटूच शकत नाही.

बाबा वैतागले, "एवढा खर्च करून नवा व्हॉल्व्ह टाकला, मग हे लोढणं कशाला?"

"नवासुद्धा गळतो, बाबा. फक्त हळू."

त्यांनी चॅनेल हातात घेऊन वजन पाहिलं आणि एक कडी जोडून आणायला सांगितली, आईला उचलायला सोपं जावं म्हणून.